डिझेल लिटरमध्ये लिहिलंस, मुलीचं वजन नाही

पत्र :

नर्सबाईंना नमस्कार. तुम्ही मला ओळखणार नाही, पण आई म्हणते माझी बीसीजीची लस तुमच्याच हातची आहे. माझं वय २९. हर्णैला आमची मासेमारीची बोट आहे, मोठा भाऊ, चुलतभाऊ आणि मी असे तिघांचे हिस्से. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, मीच. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला मुलगी झाली. बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. सध्या पावसाळ्याची मासेमारीबंदी आहे म्हणून मी घरी आहे. १ ऑगस्टला बोटी सुटतील. आजवर दहा-दहा दिवस बाहेर राहिलो, कधी काही वाटलं नाही. आता रात्री वारा सुटला की झोप उडते. मागच्या हंगामात बोटीच्या पंख्यात जाळं गेलं होतं, ते कापायला मी रात्रीचा पाण्यात उतरलो होतो. तेव्हा हसत वर आलो. आता ते आठवलं की हातपाय गार पडतात. भावाला सांगितलं तर म्हणाला, "बायको बाळंत झाली, आणि घाबरतोस तू?" त्याला स्वतःला दोन पोरं आहेत. मेव्हणा लोट्याला केमिकल कंपनीत आहे, तिथे कंत्राटावर लावतो म्हणतो. बोटीवर कर्ज आहे, एका फेरीला हजार लिटरच्या वर डिझेल जातं, बर्फ वेगळा. हिस्सा विकून मोकळा होऊ का? आणि एक गोष्ट, कुणाला सांगू नका. पोरीला बघून लोक म्हणतात तसं मला काही भरून येत नाही. ती रडायला लागली की मी पडवीत जाऊन बसतो. भीती वाटते, पण माया वाटत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

एक तांडेल, हर्णै


उत्तर :

तुझी आई म्हणते ते खरं असेल तर तुझ्या डाव्या दंडावर माझी सही आहे. तेव्हा अहो-जाहो करत नाही. आणि "कुणाला सांगू नका" असं पेपरच्या सदराला लिहिणारा तू पहिला नाहीस, म्हणून फक्त नाव काढून टाकलंय.

तुझं मूळ पत्र वहीची साडेतीन पानं आहे, इथे जागेपुरतं छापलंय. त्या साडेतीन पानांत बोटीचं कर्ज आहे, गिअरबॉक्सचं काम आहे, बर्फाचा दर आहे, भावाचं बोलणं आहे. मुलीबद्दल मोजून सहा ओळी. डिझेल लिटरमध्ये लिहिलंस, पण मुलीचं वजन कुठेच नाही. बायको या सगळ्यावर काय म्हणते, तेही नाही. मी दोनदा शोधलं.

तू शेवटी लिहिलंस ते मी आधी घेते. उपकेंद्रात बायका यायच्या, खोकल्याचं औषध मागायच्या, गोळ्या पदरात बांधायच्या आणि उंबऱ्यातून परत वळून खरं दुखणं सांगायच्या. तुझ्या पत्राचंही तसंच झालंय.

तुझ्यात काही कमी नाही. मी ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणायचं आणि बापाच्या हातात द्यायचं, हे माझं काम. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं, नाही असं नाही. पण बहुतेकांचा चेहरा कसा व्हायचा सांगू? बाजारात अनोळखी माणसाने "जरा धरा हं" म्हणून काचेची बरणी हातात द्यावी आणि गर्दीत निघून जावं, तसा. कोपरं आखडलेली, श्वास रोखलेला. "बाई, तुम्हीच घ्या." एकाने तर मला विचारलं होतं, "ह्याला ठेवू कुठे?" आणि बाळ तरी त्या दिवशी काय दिसत असतं! डोळे सुजलेले, डोकं लांबुडकं, खांद्यावर लव. ते बघून ज्याला उमाळा येत नाही त्याची नजर चांगली आहे, एवढंच मी म्हणेन.

तुझ्या बायकोची त्या बाळाशी ओळख नऊ महिन्यांची आहे. पाचव्या महिन्यापासून ती लाथा खातेय. तिचं शरीर बदललं, दूध उतरलं, रात्री बाळ कुरकुरण्याआधी तिला जाग येते. तुझी ओळख जूनमधली. शरीर बापाचंही बदलतं, पण ते आपोआप फार थोडं, बाळ हाताळल्यावर जास्त. फिलिपीन्समध्ये सेबू नावाच्या शहरात सहाशेवर तरुणांची लाळ तपासून त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉन मोजलं होतं. साडेचार वर्षांनी पुन्हा मोजलं. मधल्या काळात जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेलं निघालं. आणि जे रोज तीन तास किंवा जास्त वेळ पोराचं करत होते, त्यांचं सगळ्यात कमी. २०११ साली हे छापून आलं. भावाने तुला जो टोमणा मारला त्यात थोडं शास्त्र आहे, असं त्याला खुशाल सांग. त्याला वाटतं ती थट्टेची गोष्ट आहे. बाईमाणसाच्या नजरेतून बघशील तर पोर वाढवायच्या काळात पुरुषाचं डोकं जरा थंड झालं, दंगामस्ती आणि पैजा कमी झाल्या, यात वाईट काय आहे ते मला तरी दिसत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुझ्या घरात तीच चाललेली असणार.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. खेड-मुंबई, बहुतेक रात्रीची गाडी. कशेडी घाट त्यांना तोंडपाठ होता. थोरली झाली आणि यांची गाडी घाटात हळू झाली. दर वळणाला हॉर्न, उतारावर गिअर खाली. कंडक्टर म्हणायचा, "साहेब, टपावर अंडी ठेवलीत काय?" घरी मला यातलं काही बोलले नाहीत, हे मला त्या कंडक्टरच्या बायकोकडून कळलं. ड्युटीवरून आले की हात धुऊन माझ्यापुढे उभे राहायचे, बाळ द्या म्हणून. आणि मी, दारोदार फिरून सासवांना "बापाला घेऊ द्या हो बाळ" असं सांगणारी नर्स, काय म्हणायचे? "नको, डिझेलचा वास येतो. आत्ताच झोपलीय. मान नीट धरता येत नाही तुम्हाला." असं तीन-चार वेळा झालं. मग त्यांनी हात पुढे करणं सोडलं आणि डबल ड्युट्या घ्यायला लागले. मला वाटलं, माणूस जबाबदार झाला. पुष्कळ वर्षांनी म्हणाले, "घरात माझं काही काम नव्हतं, निदान गाडीवर तरी होतं." थोरली दोन वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडे जात नसे. धाकट्याच्या वेळी मला कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणावर. यांनी रजा टाकली आणि सगळं केलं, शी-शू, आंघोळ, वाटी-चमचा, रात्रीचं जागरण. आज धाकटा पुण्याला असतो. ताप आला तर फोन वडिलांना करतो. नर्स मी आहे, पण फोन त्यांना.

तुझी आई म्हणत असेल, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचं काय काम. तिला माझं नाव सांग. बायकोलाही सांग की बाळ तुझ्या हातात आलं आणि रडलं, तर मिनिटाच्या आत परत ओढून घ्यायचं नाही. पाच मिनिटं थांबायचं. तू पडवीत जाऊन बसतोस, कारण तुला वाटतं त्या रडण्यावर तुझ्याकडे काही उपाय नाही. उपाय तिच्याकडेही नेहमी नसतो. ती फक्त उठून जात नाही.

रडण्याबद्दल एक गोष्ट ऐकून ठेव, नाहीतर घाबरशील. बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं की रडणं वाढायला लागतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. विशेष करून संध्याकाळी, तिन्हीसांजेला. जुनी माणसं दृष्ट काढतात, काढू देत, मीठ-मोहरीने कुणाचं वाईट होत नाही. पण तुझ्या मुलीचे सहा आठवडे आत्ता भरतायत. म्हणजे भरतीच्या वेळेलाच तू पडवीत बसलायस. पोट भरलेलं आहे, लंगोट कोरडा आहे, अंग गरम नाही, तरीही रडते, तर खांद्यावर घेऊन पडवीभर फिर. पडवीत जायची सवय तुला आहेच, फक्त तिला घेऊन जा. डोक्यात सणक गेली तर पाळण्यात उताणी ठेव आणि दोन मिनिटं बाहेर उभा राहा. पण गदागदा हलवायचं नाही, कधीही. एवढ्याशा मेंदूला ते सोसत नाही. ती दूध प्यायची थांबली, मलूल पडली किंवा ताप आला तर मात्र पडवी नाही आणि दृष्टही नाही, सरळ दवाखाना.

रात्री दोनची पाळी तुझी. रात्रीचा जागता पहारा तुला नवीन नाही, आणि तुझ्या बायकोला मात्र सलग चार तास झोप जूनपासून मिळालेली नाही. दूध तिलाच पाजायचंय, पण उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि परत झोपवणं यातलं काहीही तू करू शकतोस. गाठी मारणाऱ्या माणसाला लंगोट बांधता येत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. पावसात लंगोट सुकत नाहीत, ते घरातली दांडी आणि शेगडी यांच्यामधलं महाभारत तुझ्या आईला विचार. तेही काम उचललंस तर ती सून-नातीपेक्षा तुझ्यावर जास्त खूश होईल. धुरीवरून माझं तिच्याशी भांडण होईल ते होईल, पण बाळाच्या छातीत धूर जायला नको, वावडिंगाचाही नको. आणि मध तर बोटावरसुद्धा नाही, वर्षभर नाही. त्यात असलेल्या जंतूंच्या बीजाने एवढ्या लहान बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. गुटी उगाळायला कुणी बसलं तर सहाण उचलून ठेवायची जबाबदारी तुझी. घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलणं सुनेला जड जातं, मुलाला तेवढं जात नाही.

आता भीती.

भावाला ती थट्टा वाटते. मला विचारशील तर त्या रात्री तू पंख्याखाली उतरलास तेव्हा तुला भीती वाटायला हवी होती. तेव्हा ती वाटली नाही, कारण वर कुणी मोजणारं नव्हतं. आई होती, बायको होती, पण त्यांची सवय झालेली असते. आता तू स्वतः मोजतोयस. हंगाम संपल्यावर, घरात कोरडा बसून, मागच्या वर्षीचा धोका आज तुझ्या अंगावर आला, हे मला बरं लक्षण वाटतं. फक्त ही भीती रात्री वाऱ्याचा आवाज ऐकत पडून राहिली तर फुकट जाईल. तिला दिवसा कामाला लाव.

काय काम? बोट किनाऱ्यावर ओढलेली आहे, ताडपत्रीखाली. जा आणि बघ. लाईफ जॅकेटं किती आहेत आणि माणसं किती. ती जॅकेटं हाताला येतील अशी टांगलेली आहेत, की जाळ्याच्या खाली दाबून ठेवलीत? नावापुरती असलेली जॅकेटं तुला माहीत आहेत, मी नावं घेत नाही. वायरलेस चालतोय का? बॅटऱ्या? पंख्यात जाळं गेलं तर काय करायचं ते आत्ताच ठरव, तिथे पाण्यात असताना नाही. इंजिन बंद आणि चावी वर राहणाऱ्या माणसाच्या खिशात, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोर धरायला एक जण, त्याला दुसरं काम नाही. रात्र असेल आणि बोट खडकाकडे जात नसेल तर उजाडेपर्यंत नांगर टाकून थांबायचं. जाळं गेलं तर गेलं. हा नियम तांडेल म्हणून तू करायचास. खलाशांपैकी नेपाळातून आलेला एखादा असेल, त्याच्याही घरी कुणी मोजत असेल, आणि त्याला तर भावाकडे जाऊन तक्रार करायचीही सोय नाही.

वाऱ्याबद्दल मी काय सांगणार, समुद्र तुझा. पण नोव्हेंबर २००९ चं फयान आलं तेव्हा मी नोकरीत होते. ते अकरा तारखेचं. बोटी आल्या नाहीत अशा घरांत मी नंतर बीपी तपासायला जायचे. तिथल्या बायका दाराकडे बघत पट्टा बांधून घ्यायच्या. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तेव्हा इशारा आधीच आलेला होता. आमची छपरं गेली, माड आडवे झाले, पण बोटी समुद्रात नव्हत्या. इशारा आला की परत फिरायचं, बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला की निघायचं नाही. हे तू नवीन शिकत नाहीयेस. फक्त डिझेल भरलंय, बर्फ वितळतोय, शेजारची बोट निघाली, अशा वेळी "जाऊ दे, बघू" म्हणणारा तांडेल आणि "नाही" म्हणणारा तांडेल यातला कोण व्हायचं, ते मुलगी झाल्यावर ठरतं. बंदी कागदावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. पण नारळ दिल्याशिवाय बोट काढायची नाही ही जुन्यांची रीत होती, त्यात भक्ती होती तसा हिशेबही होता. श्रावणातल्या वाऱ्याचा जोर उतरायला थोडे दिवस द्यायचे. भाऊ म्हणेल, पहिल्या मासळीला भाव असतो. असतो. मी एवढंच म्हणते की तारीख कॅलेंडरवरून न धरता हवामान बघून धरा, आणि ते बोलायला तोंड उघड.

भावाशी "मला भीती वाटते" असं बोलू नकोस, तो पुन्हा हसेल. "दोर, जॅकेट, बावटा, या तीन गोष्टी नसतील तर मी तांडेल म्हणून उभा राहणार नाही" असं बोल. आणि एक चावटपणा करून बघ. वहिनीला एकटं गाठून विचार, तुमचा थोरला झाला तेव्हा भाऊ रात्री झोपायचा का? मला उत्तर माहीत नाही. पण अशा भावांच्या बायकांकडून मी पुष्कळ ऐकलंय.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, ते एका दिवसात उरकून टाक. मच्छीमारांसाठी केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत सामूहिक अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही. तुमच्या सहकारी संस्थेत जाऊन तुझं आणि प्रत्येक खलाशाचं नाव त्यात लागलंय का ते डोळ्यांनी बघ, "लागलेलं असेल" हे उत्तर घेऊ नकोस. बँकेतून वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती आणि २० रुपयांत सुरक्षा विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गळतो, ते मे महिन्यात बघायचं. आणि वारसाचं नाव. लग्नाआधीची खाती आहेत ना तुझी? तिथे अजून आईचं नाव असेल. आईला वाईट वाटेल म्हणून तसंच ठेवू नकोस. तिला समजावून सांग, तिलाही कधीकाळी ते हवं होतं.

इथे जरा थांबून एक विचारते. भीती फक्त बोटीपुरती आहे, की सगळंच नको झालंय? जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, उगाच चिडतोस, संध्याकाळी बाटली जवळची वाटायला लागलीय, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तो आजार आहे. बाळंतपणानंतर तो बायकांना होतो हे आता लोकांना कळायला लागलंय. बापांनाही होतो, ते अजून फार कुणी बोलत नाही. डॉक्टरला दाखव. १४४१६ हा फुकट नंबर आहे, टेलिमानसचा, मराठीत बोलता येतं. आणि हेच सगळं बायकोकडेही बघ. बाळंतीण पहिल्या काही दिवसांत रडते, ते जातं. दोन आठवड्यांनंतरही ती गप्प गप्प असेल, बाळाकडे बघायला नको म्हणत असेल, तर "हिला कामाची सवय नाही" हे घरातल्यांचं ऐकत बसू नकोस. तिची आई नाही. या घरात तिच्या बाजूने बोलणारं हक्काचं माणूस एकच आहे आणि ते पडवीत बसलंय.

राहिलं लोटं.

मी तुला हो किंवा नाही सांगत नाही, पण आत्ता विकू नकोस हे स्पष्ट सांगते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत माणसं घर बदलतात, धंदा बदलतात, भावांशी वाटण्या करतात. झोप नसलेल्या डोक्याने केलेले हे हिशेब असतात. कर्ज चालू असलेल्या बोटीचा हिस्सा बंदीच्या दिवसांत विकायला काढलास तर घेणारा तुझा चेहरा बघून भाव करेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. कंत्राटी नोकरीत पाळ्या असतात, रोज जायचं-यायचं असतं, आणि केमिकलच्या कारखान्यातलं काम धोक्याचं नसतं असं कुणी सांगितलं तर त्याला दुसऱ्यांदा विचार. तिथे तुझी भीती संपणार नाही, फक्त तिचा वास बदलेल. पण ती नोकरी वाईट आहे असंही मी म्हणत नाही. रोज रात्री घरी, महिन्याला ठरलेला पगार, याची किंमत काय ते तुझ्या बायकोला माहीत असणार. तिला विचारलंस का? साडेतीन पानांत तिचं एक वाक्य नाही, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. कदाचित ती म्हणेल, विक. कदाचित म्हणेल, तू जमिनीवर दोन महिन्यांत वेडा होशील. मला दोन्ही ऐकायला आवडेल.

शिमग्यापर्यंत थांब. या हंगामात फेऱ्या लहान करून बघा, दहा दिवसांऐवजी पाच-सहा. चुलतभावाला हळूहळू तांडेलकी शिकव, म्हणजे दर फेरीला तुलाच जायला नको. उत्पन्न किती घटतं ते वहीत लिही. डिझेल लिहितोस तसंच, पुढे आणखी एक रकाना ठेव, घरी किती रात्री होतो. शिमग्याला वही उघडून तिघांनी बसा, तिघं म्हणजे तू, भाऊ आणि तुझी बायको. तेव्हाही लोटं तिथेच असेल, कुठे जात नाही.

माया कधी येईल, असं तू विचारलं नाहीस, पण तेच विचारायचं होतं. तारीख नाही सांगता येत. सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला बाळ माणसाकडे बघून हसायला लागतं, झोपेतलं हसू वेगळं आणि हे वेगळं. ज्याचा चेहरा रोज जवळून दिसतो त्याच्याकडे बघून ते हसतं. तू तेव्हा समुद्रात असशील की घरी, हे माझ्या हातात नाही. पण त्याआधीचे दहा-बारा दिवस तुझ्या हातात आहेत.

एक काम लगेच कर. मुलीची सहा आठवड्यांची लस याच महिन्यात आहे. बायकोला, आईला घरी राहू दे. आशाताई ४२ व्या दिवसाच्या भेटीला येईल तिला विचारून लसीकरणाचा वार बघ, आणि मुलीला घेऊन तूच जा. छत्री घे, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, जास्तीचे दोन लंगोट घे. तिथली सिस्टर दोन्ही मांड्यांत सुया टोचेल, दंडावरही एक. तोंडात थेंब घालेल. मुलगी किंचाळेल. तिला सिस्टरकडे देऊन बाहेर जायचं नाही, मांडीवर धरून बसायचं, पाय तूच धरायचेस. नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं, ताप आला तर काय द्यायचं ते नीट विचारून घ्यायचं.

आणि सुया टोचायच्या आधी तिला काट्यावर ठेवतील. जन्माचं वजन कार्डावर असेल, ते बघून घे. आता दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढत असणार. आकडा लिहून घे आणि मला कळव. ग्रॅममध्ये.